विद्यापीठाची पदवी आणि कामगाराची भाकर : अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनचरित्रावर आजवर इतके लिहिले गेले आहे, की आता नव्याने काय लिहावे असा प्रश्न कुणालाही पडावा. महाडचा सत्याग्रह, पुणे करार, भारतीय संविधान आणि नागपूरची धम्मदीक्षा हे टप्पे आपल्या घराघरांत पाठ आहेत. पहिली-दुसरीतलं पोरगंसुद्धा ते घडाघडा सांगतं. परंतु बाबासाहेब मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, परदेशातील दोन नामांकित विद्यापीठांच्या सर्वोच्च पदव्या त्यांनी याच विषयात मिळविल्या, आणि त्या विद्येचा पहिला हक्कदार म्हणून त्यांनी कष्टकरी माणसाकडे पाहिले, ही बाजू जयंतीच्या भाषणांतून फारशी येत नाही. विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत आम्ही तीच बाजू वाचकांपुढे ठेवीत आहोत.

याला कारणही तसेच आहे. आपल्या वस्त्यांत आज पदवीधरांची वाण राहिलेली नाही. आजोबा गिरणीत किंवा नगरपालिकेत होते, नातू एम.कॉम. झाला. पण आजोबांची नोकरी कायम होती, त्यांना भविष्यनिर्वाह निधी होता, आजारपणाची रजा होती. नातवाला मात्र ठेकेदार उद्या घरी बसवील की परवा, याचा नेम नाही. शिकून काय मिळालं, असं पोरं आता तोंडावर विचारतात, आणि थोरांपाशी उत्तर नसतं. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली जगापुढे १७ उद्दिष्टे ठेवली, त्यांतले आठवे उद्दिष्ट मानाचे काम आणि आर्थिक वाढ हे आहे. विद्यापीठांनी त्यासाठी काय करावे याची चर्चा हल्ली परिषदांमधून चालते. आमच्या मते, या प्रश्नाचे उत्तर एका माणसाने आपल्या आयुष्यातून देऊन ठेवले आहे. ते नीट वाचले पाहिजे.

गिरण्यांच्या परळातून कोलंबियाला

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसणे आणि तहान लागली तरी नळाला हात लावता न येणे, हे त्यांच्या वाट्याला आले. पुढे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या कामगार वस्तीत राहिले. हा भाग म्हणजे गिरण्यांचा. पहाटे भोंगा वाजला की चाळी रिकाम्या होत, आणि संध्याकाळी कापसाच्या तंतूंनी माखलेली माणसे परत येत. १९०७ साली मॅट्रिक आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. होईपर्यंत भीमरावांचा अभ्यास याच वातावरणात झाला.

१९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदारांचे निधन झाले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत ३ वर्षांची, आणि परत आल्यावर १० वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांना प्रथमच असे आवार मिळाले की जिथे बाकावर कुठे बसायचे हे जात ठरवीत नव्हती. प्रा. एडविन सेलिगमन यांच्याकडे ते सार्वजनिक वित्तव्यवस्था शिकले. तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्या वर्गांचा त्यांच्यावर जन्मभराचा ठसा उमटला. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. केले. त्यानंतर भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावर प्रबंध लिहिला, आणि १९१६ च्या मे महिन्यात जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध वाचला. म्हणजे एकीकडे देशाच्या तिजोरीचा हिशेब आणि दुसरीकडे समाजाच्या उतरंडीचा, असे दोन्ही अभ्यास त्यांनी एकाच वेळी चालविले होते.

तेथून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. तिथे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. शिपाई लांबून कागद फेकत, राहायला जागा मिळेना, पारशी वसतिगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कोलंबियाचा पदवीधर बडोद्यात एका खोलीलाही महाग झाला. या ठिकाणी आम्हाला वाचकांचे लक्ष एका मुद्द्याकडे वेधायचे आहे. पदवी आणि मानाचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली हाती आली म्हणून दुसरी आपोआप चालून येत नाही, हे बाबासाहेब कुठल्या पुस्तकात शिकले नाहीत. ते त्यांना स्वतःच्या अंगावर झेलावे लागले.

विद्या कुणाच्या कामाची?

बडोद्याहून परतल्यावर १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक लेख लिहिला. त्या काळी सरकारी आणि विद्वान मंडळींचे म्हणणे असे, की शेताचे तुकडे पडतात म्हणून शेतकरी गरीब, तेव्हा तुकडे जोडा म्हणजे झाले. बाबासाहेबांनी हा विचार उलटा करून दाखविला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. तिच्यावर लावायला भांडवल, बैल, अवजारे किती आहेत, यावर ते ठरते. खरी अडचण अशी, की दुसरे काम नाही म्हणून गरजेपेक्षा जास्त माणसे शेतीला चिकटून बसली आहेत. चौघांचे काम आठजण करतात आणि आठहीजण अर्धपोटी राहतात. म्हणून उपाय शेतात शोधू नका, उद्योगधंदे वाढवा आणि या माणसांना तिकडे काम द्या, असे त्यांनी मांडले. गावात राहून गावकीची कामे करणाऱ्या आणि बलुत्याच्या भाकरीवर जगणाऱ्या समाजातून आलेला हा तरुण होता. गावाबाहेर पगाराचे काम मिळणे म्हणजे काय, हे त्याला अर्थशास्त्राच्या भाषेत सांगता आले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून पैसा साठविला, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, राजर्षी शाहू महाराजांनी हातभार लावला, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. इकडे माता रमाईंनी काटकसरीने संसार ओढला. लेकरं गेली, पण त्या माऊलीने तिकडे तक्रारीचा सूर जाऊ दिला नाही. तिकडे बाबासाहेब अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस काढीत. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. असा तो पल्ला. कोलंबियाची पीएच.डी. त्यांना १९२७ मध्ये मिळाली.

डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. हा विषय सामान्य माणसाला रुक्ष वाटतो. पण त्यातला गाभा साध्या भाषेत असा, की रुपयाची किंमत घसरली की बाजारातले भाव लगेच चढतात आणि मजुरी मागे रेंगाळते. व्यापाऱ्याला त्यात फायदा होतो, रोजंदारीवाल्याच्या ताटातली भाकर मात्र कमी होते. १९२५ च्या अखेरीस चलनविषयक रॉयल कमिशनपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी हाच भेद स्पष्ट केला. व्यापारी मंडळी रुपया स्वस्त करा म्हणत होती. त्या नफ्याची किंमत कष्टकरी वर्ग मोजतो, हे त्यांनी आयोगापुढे मांडले. लंडनच्या ग्रंथालयातली विद्या परळच्या चाळीच्या कामी आली ती अशी.

विद्यापीठ कसे असावे?

मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी १९२४-२५ मध्ये एक समिती नेमली गेली होती. तिच्यापुढे बाबासाहेबांनी लेखी निवेदन दिले. त्यांचे म्हणणे असे, की जे विद्यापीठ नुसत्या परीक्षा घेते आणि प्रमाणपत्रे वाटते ते खऱ्या अर्थाने विद्यापीठच नव्हे. शिकविणे आणि संशोधन एकाच ठिकाणी झाले पाहिजे, आणि विद्यार्थ्याला पाठांतरापेक्षा वस्तुस्थिती तपासून स्वतः निर्णय करायची सवय लागली पाहिजे. पुढे १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर ते बोलले, तेव्हा विद्यापीठाच्या कारभारात मागासवर्गीयांचे प्रतिनिधी असावेत असा आग्रह त्यांनी धरला. विद्यापीठाचा खर्च सर्वांच्या करातून भागतो आणि कारभार मात्र मूठभरांच्या हाती राहतो, हे त्यांना मान्य नव्हते.

याच विधिमंडळात १९२८ साली त्यांनी गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे यात सबंध देशाचे हित आहे, आणि त्याचा भार मालकाने व सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा तो कायदा झाला.

गिरण्यांत त्या वेळी आणखी एक अन्याय चालत होता. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे आपल्या माणसाला प्रवेश नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, त्यामुळे विटाळ होतो हे कारण. पोटासाठी एकत्र राबणारा, संपात एकत्र उतरणारा कामगारच शेजाऱ्याला जातीवरून बाहेर ठेवीत होता. बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हा प्रश्न उघडपणे विचारला. कामगाराची एकजूट हवी असेल तर आधी हे दार उघडा, असे त्यांचे सांगणे होते. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ मध्ये खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप घडवून आणला. १९३५ पासून ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यही होते. प्राचार्याने कामगारांच्या मोर्चापुढे चालायचे नसते, असे त्यांना कधी वाटले नाही.

मजूरमंत्री बाबासाहेब

१९४२ च्या जुलैमध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले आणि १९४६ पर्यंत त्या जागी राहिले. इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाबासाहेबांनी कामाचे तास १४ वरून ८ वर आणले, असे अनेक फलकांवर छापलेले असते. प्रत्यक्षात १९३४ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ५४ तास आणि दिवसाचे १० तास अशी मर्यादा आधीच होती. बाबासाहेबांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ मध्ये ती आठवड्याला ४८ आणि दिवसाला ९ तासांवर आली. आठवड्याचे ६ तास कमी होणे ही काय लहान गोष्ट आहे? ज्याने जन्मभर पुरावा तपासल्याशिवाय एक ओळ लिहिली नाही, त्या माणसाला फुगविलेल्या आकड्यांची गरज नाही. खरे आहे तेच पुष्कळ आहे.

त्या ४ वर्षांत काय काय झाले ते पाहा. सरकार, मालक आणि कामगार यांनी एका टेबलाशी बसून बोलावे अशी त्रिपक्षीय परिषदेची पद्धत १९४२ मध्ये सुरू झाली. १९४५ मध्ये कारखान्यातील कामगाराला वर्षाला १० दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. कोळसा खाणींतील मजुरांसाठी १९४४ मध्ये कल्याण निधी उभा राहिला. त्याआधी बाबासाहेब स्वतः धनबादच्या बाजूला जाऊन खाणीत उतरले होते. युद्धाच्या काळात सरकारने स्त्रियांना खाणीत जमिनीखाली काम करण्यावरची बंदी उठविली, तेव्हा त्यांच्यावर टीकाही झाली. स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी दिली जाईल याकडे त्यांनी लक्ष दिले, आणि १९४६ च्या फेब्रुवारीत ती बंदी पुन्हा लागू झाली.

यात विद्यापीठाचा संबंध कुठे आला, असे कुणी विचारील. तो असा आला, की प्रत्येक कायद्याआधी त्यांच्या खात्याने अभ्यास करविला. आजारी पडलेल्या कामगाराचे काय, या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञ प्रा. बी. पी. आडारकर यांची १९४३ मध्ये नेमणूक झाली होती, आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. देशभरच्या मजुरांची राहणी, पगार आणि कर्ज यांची पाहणी करायला १९४४ मध्ये रेगे समिती नेमली गेली. किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी १९४६ च्या एप्रिलमध्ये मांडले, ते १९४८ मध्ये कायदा झाले. आधी मोजा, मग कायदा करा, ही अर्थशास्त्राच्या वर्गात लागलेली शिस्त त्यांनी मंत्रालयात नेली. पुढे संविधानाच्या ४२ व्या कलमात कामाची माणुसकीला धरून असणारी स्थिती व प्रसूती साहाय्य आणि ४३ व्या कलमात निर्वाहापुरते वेतन, ही तत्त्वे आली. जुने बरेच कामगार कायदे संसदेने २०१९ आणि २०२० मध्ये ४ संहितांत गोळा केले. कायद्यांची नावे बदलतील, पण ती दोन कलमे हाती धरून प्रश्न विचारता येतो.

कामावरून येणाऱ्यांचे कॉलेज

मजूर खात्यात असतानाच बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला निवेदन देऊन अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ३ लाख रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर करून घेतली. तिच्यातून मुले परदेशातही शिकायला गेली. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले.

या कॉलेजचे वेगळेपण असे, की त्याचे वर्ग सकाळी भरत. म्हणजे कचेरीतला कारकून, पोस्टातला माणूस, दुकानात नोकरी करणारा पोरगा, सगळ्यांना तास आटोपून कामावर वेळेत हजर होता येई. तोवर कॉलेज म्हणजे ज्यांच्या घरी दुपारची चिंता नाही त्यांच्यासाठी, अशी समजूत होती. बाबासाहेबांनी कॉलेजचे घड्याळच कामगाराच्या घड्याळाशी जुळवून घेतले. आम्हाला तर ही गोष्ट एखाद्या कायद्याइतकी मोठी वाटते. फोर्टमधील आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारतींत पुढे कितीतरी पिढ्या शिकल्या. १९४७ मध्ये रात्रशाळा, १९५३ मध्ये वाणिज्य महाविद्यालय, १९५६ मध्ये विधी महाविद्यालय अशी शाखांची भर पडत गेली.

१९५० मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत कॉलेज निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. निजामी राजवटीखाली राहिलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अगदी मोजकी होती. खेड्यातला मुलगा शहरात येणार तर राहणार कुठे, खाणार काय? म्हणून कॉलेजबरोबर वसतिगृहे उभी राहिली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखे शिक्षक लाभले. या आवारातून शिक्षक, वकील, अधिकारी आणि लेखक निघाले, आणि त्यांच्यामागे त्यांची सबंध घरे वर आली. एक मुलगा शिकून पगारावर लागला की धाकट्यांची फी भरली जाई, गावाकडचं कर्ज फिटे, बहिणीचं लग्न उभं राही. आर्थिक वाढ म्हणतात ती आपल्या लोकांनी अशी पाहिली आहे.

या संस्थांना सिद्धार्थ आणि मिलिंद ही नावे देण्यातही अर्थ होता. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. आणि तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका हे एक अंग आहे, हे विहारात येणाऱ्याला सांगायला नको. दुसऱ्याला न पिळता आणि स्वतः न पिळले जाता जगणे, हा त्याचा आम्हाला समजलेला साधा अर्थ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखोंना धम्माची दीक्षा दिली, आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज काय करायचे?

मराठवाड्याच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळण्यासाठी आपल्या समाजाने केवढी किंमत मोजली, हे आम्ही नव्याने सांगत नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. नाव मिळाले. आता त्या नावाला जागणारे काम देशातल्या प्रत्येक विद्यापीठाकडून मागायचे आहे.

पहिले मागणे असे, की विद्यापीठाने आधी आपल्याच आवारात पाहावे. झाडू मारणारी बाई ठेकेदाराकडे आहे का? तिला किमान वेतन आणि आजारपणाचा विमा मिळतो का? तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापकाला महिन्याच्या महिन्याला पैसे हातात पडतात का? जे विद्यापीठ स्वतःच्या दारात मानाचे काम देऊ शकत नाही, त्याने जगाला अर्थशास्त्र कशाला शिकवावे? दुसरे मागणे, संशोधन वस्तीत यावे. नाल्यात उतरणारा सफाई कामगार, उसाच्या फडातले तोडणी मजूर, दुचाकीवरून घरोघर माल पोहोचविणारे पदवीधर, यांचे तास, मजुरी आणि अपघात कुणीतरी मोजले पाहिजेत. मोजल्याशिवाय कायदा होत नाही, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे. तिसरे, काम करून शिकणाऱ्यासाठी वर्ग, ग्रंथालय आणि वसतिगृह यांचे दार त्याच्या सवडीने उघडे राहावे.

आणि आपल्याकडून? ज्याने शिकून चांगली नोकरी मिळविली, त्याने आपल्या हाताखालच्या कंत्राटी माणसाची पगाराची चिठ्ठी एकदा वाचून पाहावी. वकील असेल त्याने विहारात रविवारी दोन तास बसून कामगारांचे कागद तपासून द्यावेत. कॉलेजात शिकणाऱ्या पोरांनी वस्तीतल्या शंभर घरांची कामाची पाहणी करून तो कागद विद्यापीठात आणि नगरपालिकेत नेऊन द्यावा. शिकून काय मिळालं, असं विचारणाऱ्या पोराला मग आपल्याला उत्तर देता येईल, आणि ते देताना मान खाली घालावी लागणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!